थंडीने पारखलेले बी

दुष्काळ सरल्यावर, १९७४ साली, केज तालुक्यातल्या आमच्या शेतात वडिलांनी रब्बीला हायब्रीड ज्वारी पेरली. खरिपात तिने पोत्यांची थप्पी लावली होती. रब्बीतही लावील, असा त्यांचा हिशेब. पीक जोमात आले. पौषात आजी हुरड्यासाठी कणीस चोळू लागली, तर तळहातावर भुसाच जास्त. "थंडीनं दाणा धरू दिला न्हाई, बाबा," ती वडिलांना म्हणाली. शेजारच्या मालदांडीची कणसे मात्र टचटचीत भरली होती.

आजीच्या वाक्याचा उलगडा मला फार उशिरा झाला. आपली पहिली संकरित ज्वारी, सीएसएच-१, १९६४ साली आली. असे बी तयार करायला पराग नसलेला मादी वाण लागतो. मिलो आणि काफिर ज्वारीच्या संकरातून तो कसा मिळतो, हे अमेरिकेत स्टीफन्स आणि हॉलंड यांनी १९५४ मध्ये मांडले. या मादीच्या संततीत पराग परत आणणे हे नर वाणाचे काम. खरिपात ते बिनबोभाट होते. रब्बीची ज्वारी मात्र डिसेंबरात फुलोऱ्यावर येते. रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरला, की पुष्कळ नर वाणांचे काम अर्धवट राहते. पराग नाही, म्हणून दाणा नाही.

मालदांडीला हा अडथळा नव्हता. १९३० च्या दशकात मोहोळला जो एम ३५-१ वाण निवडला गेला, तो शेतकऱ्यांच्याच गावरान मालदांडीतून. पिढ्यान्‌पिढ्या भरली कणसेच बियाण्याला राहत, म्हणजे थंडीची परीक्षा रानातच झालेली होती. मक्याची कथाही अशीच. फ्रान्सच्या थंड वसंतात अमेरिकी मका खुरटे. संशोधकांनी त्याचा लाकोन भागातल्या स्थानिक मक्याशी संकर केला, तेव्हा तो उत्तरेकडे सरकू शकला. आपल्याकडेही पुढे रब्बी संकरासाठी रब्बीच्याच वाणांतून नर-मादी शोधणे सुरू झाले.

हायब्रीडला मी दोष देत नाही. खरिपात तिने आमचे कणगे भरले. पण आजी दरवर्षी निवडक कणसे आढ्याला टांगे, आणि त्या वर्षी टांगायला काही नव्हते. वडिलांनी शेजाऱ्याकडून सवाईने मालदांडीचे बी आणले. शेजाऱ्याने पेरली होती, म्हणून मिळाले. आज रब्बीच्या रानात हरभरा वाढतो आहे, ज्वारी आक्रसते आहे. ज्वारी पेरलीच नाही, तर थंडी बी पारखणार कुठे?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)