'वाटणे': एक क्रियापद, दोन कुळे

यवतमाळ जिल्ह्यातील कोणत्याही शेतकरी घरात 'वाटणे' हे क्रियापद तीन कामे करते. पाट्यावर मिरची-लसूण वाटतात. भावाभावांत शेत वाटले जाते. मग धाकट्याला वाटते की काळी जमीन थोरल्याकडे गेली आणि बरड आपल्याकडे आली. उच्चार एक, लेखनही एक. त्यामुळे मूळही एकच असावे, असा समज होतो. तो खरा नाही.

पहिले कूळ संस्कृत 'वृत्' धातूचे. 'वर्तयति' म्हणजे फिरवतो. प्राकृतात 'वट्टेइ', मराठीत 'वाटणे'. दगडावर दगड फिरवून बारीक करणे, ते हे. भासणे या अर्थाचे 'वाटणे'ही याच धातूच्या 'वर्तते'कडे नेतात. पायाखालची 'वाट' (वर्त्मन्) आणि 'वाटोळे' (वर्तुल) याच घराण्यातले.

दुसरे कूळ 'वण्ट्', म्हणजे विभागणे, याचे. 'कण्टक'चा 'कांटा' झाला, 'दन्त'चा 'दांत', तसे येथे 'वांटणे' झाले. 'वांटा', 'वांटणी' हीही त्याचीच रूपे. नाकातला उच्चार प्रमाण मराठीतून ओसरला, तरी छापील पुस्तकांत अनुस्वार टिकून होता. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांना शासनाची मान्यता मिळाली आणि व्युत्पत्तीने सिद्ध होणारे, पण उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. विद्यार्थ्यांची मोठीच सुटका झाली, यात शंका नाही. मात्र दोन कुळे वेगळी ओळखण्याची लेखनातली खूणही त्याबरोबर पुसली गेली. आजोबांच्या कागदातले 'वांटणीपत्र' आज नातवाला लिहिणाऱ्याची चूक वाटू शकते. हिंदीने 'बाँटना'वरचे अनुनासिक राखले आहे.

यवतमाळात या दुसऱ्या कुळाची आणखी एक शाखा नांदते: 'बटई'. पिकाच्या ठरलेल्या हिश्श्यावर दुसऱ्याचे शेत कसणे म्हणजे बटई. मराठी 'व'च्या जागी आलेला 'ब' त्याचे हिंदी माहेर सांगतो. हिंदीतली 'बटाई' ती हीच. १९०३ पासून १९५६ पर्यंत वऱ्हाडाचा कारभार मध्यप्रांताला जोडलेला होता, आणि वऱ्हाडी बोलीत हिंदीची ये-जा त्याआधीचीही आहे. त्यामुळे 'शेत बटईने दिले' आणि 'शेत भावांत वाटले' या दोन वाक्यांचे मूळ एक. 'शेत वाटले' आणि 'चटणी वाटली' यांचे मात्र नाही.