इडिओप्स (ट्रॅपडोअर कोळी)

जमिनीत बीळ खणून त्याच्या तोंडावर माती व रेशीम यांचे बिजागरीचे झाकण बसवणारा कोळी. संधिपाद संघाच्या अष्टपाद वर्गातील इडिओपिडी कुलात याचा समावेश होतो. ही प्रजाती पेर्टी यांनी १८३३ मध्ये स्थापली. पश्चिम घाटातील इडिओप्स रुब्रोलिंबॅटस या जातीचे वर्णन झीशान मिर्झा व राजेश सानप यांनी २०१२ मध्ये केले. इडिओप्स वानखेडे ही भारतीय जाती २०२० मध्ये नोंदवली गेली.

मादी बुटकी, दणकट, काळपट तपकिरी. जबड्यांच्या टोकाशी असलेल्या राठ काट्यांनी ती माती उकरते, बिळाला आतून रेशमाचे अस्तर देते आणि झाकणावर भोवतालची माती, शेवाळ, काडीकचरा चिकटवते. झाकण सहसा एक-दोन सेंटिमीटरच रुंद असते. मिटलेले असताना ते पायाखाली असूनही दिसत नाही. शोधणाऱ्याने काठावरची अर्धगोल फट तेवढी हेरावी. रात्री मादी फटीशी दबा धरते आणि वाळवी, मुंग्या, भुंगेरे टप्प्यात येताच झडप घालून आत ओढते. बाहेरून झाकण उचकटू लागल्यास ती आतून ते घट्ट ओढून धरते. प्रौढ नर मात्र बीळ सोडून मादीच्या शोधात हिंडतात.

आयुष्य दीर्घ. याच कुलातील ‘नंबर १६’ ही पश्चिम ऑस्ट्रेलियातील मादी कोळी-अभ्यासक बार्बरा यॉर्क मेन यांनी १९७४ पासून निरीक्षणाखाली ठेवली होती. २०१६ मध्ये ती मेल्याचा निष्कर्ष काढला गेला, तेव्हा तिचे वय ४३ वर्षे मानले गेले.

अधिवासात महत्त्वाची गोष्ट एकच: न हललेली जमीन. वाशिम जिल्ह्यातील अनसिंगसारख्या बेसॉल्टी मुलखात हा कोळी कपाशीच्या काळ्या मातीच्या रानात शोधण्यात अर्थ नाही. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि दरवर्षी नांगरली जाते. मुरमाड उतार, जुने धुरे (शेताचे बांध), नाल्याचे उभे काठ व पाऊलवाटेच्या कडा अधिक सोयीच्या. नेमके हेच काठ नाला खोलीकरणात तासले जातात, धुरे रुंद वावरासाठी मोडले जातात. याला विकास म्हणताना जमिनीखालच्या रहिवाशांचा हिशेब कोणी मांडत नाही. पिले बहुधा आईच्या बिळापासून थोड्याच अंतरावर स्वतःचे बीळ करतात, त्यामुळे उखडलेल्या जागी नवी वसाहत सहजी होत नाही.