लोबोचा माग

आपल्यापैकी बऱ्याच घरांतली मुले स्काउटमध्ये जातात आणि त्यातली काही थोडी मोठी झाली की पाठीवर सॅक घेऊन न्यू मेक्सिकोतल्या फिलमाँट रँचवर डोंगर चढून येतात. ओल्या मातीतले ठसे ओळखणे हा स्काउटांचा जुना छंद. नखे उमटली असतील तर बहुधा कायोटी किंवा कुत्रा. नसतील तर प्यूमा, कारण मांजरकुळातले प्राणी चालताना नखे आत ओढून घेतात. ही विद्या मुलांपर्यंत नेणाऱ्यांत अर्नेस्ट थॉम्पसन सेटनचे नाव मोठे आहे. पण रँचच्या मुलखात त्याने ती प्रथम वापरली ती लांडगे मारण्यासाठी.

कॅनडात वाढलेला हा चित्रकार १८९३ साली क्लेटनजवळच्या करंपॉ खोऱ्यात आला. बायसनचे कळप माणसाने संपवले होते, कुरणांत गुरे आली होती आणि लांडगे गुरांवर वळले होते. त्यातल्या एका टोळीच्या म्होरक्याला गुराखी 'लोबो' म्हणत. स्पॅनिशमध्ये लोबो म्हणजे लांडगाच. त्याच्यावर हजार डॉलरचे इनाम होते. साध्या लांडग्याच्या पुढच्या पंजाचा ठसा साडेचार इंच, लोबोचा साडेपाच, असे सेटनने लिहून ठेवले आहे.

विषारी आमिषे फुकट गेली तेव्हा त्याने सापळे पुरले. रात्री काय घडले ते त्याला सकाळी ठशांतूनच कळे. संशय आला की लोबो वाट सोडून वारा येतो त्या बाजूला वळतो, हे लक्षात आल्यावर त्याने इंग्रजी 'एच'च्या आकारात सापळे मांडले. लोबो मधोमध शिरला, थबकला, आणि प्रत्येक पाऊल आपल्याच आधीच्या ठशावर ठेवत मागे मागे बाहेर पडला.

मग एकदा लोबोच्या पुढे धावणारा एक लहान ठसा दिसला. गुराखी म्हणाला, ही मादीच. नर असता तर लोबोने ठारच केला असता. ही ब्लँका. ती सापळ्यात सापडली, मारली गेली. लोबो तिला शोधत, रडत हिंडू लागला, तेव्हा सेटनने तिचाच कापलेला पंजा सापळ्यांवरच्या मातीत उमटवला. ३१ जानेवारी १८९४ रोजी लोबो पकडला गेला. त्याला जिवंत रँचवर आणले, पण रात्रीतच तो मेला.

सेटन गोष्टी रंगवतो. जॉन बरोज या निसर्गलेखकाने १९०३ मध्ये 'अटलांटिक मंथली'त त्याच्यावर सडकून टीका केली होती. उलट्या पावलांचा प्रसंग मलाही जरा जास्तच वाटतो. पंजाची गोष्ट मात्र मी खरी मानतो. स्वतःला इतके कमीपणा आणणारे खोटे कोण कशाला रचेल?

पुढे सेटनने १९०२ पासून मुलांना बंदुकीशिवाय रान वाचायला शिकवले आणि १९१० मध्ये तो अमेरिकन स्काउटांचा पहिला चीफ स्काउट झाला. सहीशेजारी तो लांडग्याचा पंजा काढत असे! सरकारने मात्र १९१५ पासून पगारी शिकारी नेमले आणि या मुलखातला लांडगा संपवत आणला. १९९८ मध्ये ॲरिझोना-न्यू मेक्सिकोच्या सीमाभागात बंदिवासात वाढवलेले मेक्सिकन लांडगे पुन्हा सोडण्यात आले, तेही पशुपालकांचा विरोध असताना.

लोबोचे कातडे फिलमाँटच्या संग्रहालयात आहे. मुलांना ते आवर्जून पाहायला सांगा. बाहेर पायवाटेवर साडेचार इंची ठसा दिसलाच, तर तो एखाद्या मोठ्या कुत्र्याचा समजावा.