डुबी

दम धरून, नळी वा टाकी न लावता पाण्याच्या तळाशी जाणे, तिथले काम उरकणे आणि त्याच दमात वर येणे म्हणजे डुबी. महाराष्ट्रात खाडीतल्या वाळूच्या परवान्यांत ‘हातपाटी’च्या, म्हणजे हाताने वाळू काढण्याच्या पद्धतीच्या, जोडीने हा शब्द येतो. होडी नांगरून तळात लांब बांबू रोवतात. डुबी मारणारा बांबू धरून खाली उतरतो, गढूळ पाण्यात हाताने चाचपून वाळू बादलीत भरतो आणि वरचे सोबती ती दोराने ओढून घेतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या बाणकोट, दाभोळ, जयगड अशा खाड्यांत पाण्याला ओढ असते. उधाणापेक्षा भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत ती कमी, म्हणून दमही पुरतो. खडकाला घट्ट चिकटलेले शिनाणे (एक प्रकारचे शिंपले) सुकतीलाही पाण्याखाली राहिले, तर तेही बुडी मारूनच काढावे लागतात.

कोकणात पोर पाठीला असोले सुके नारळ बांधून पोहायला शिकते आणि पुढे विहिरीच्या तळाचा खडा आणून दाखवते. दमाची पहिली तालीम ती हीच. पद्धतशीर सराव मात्र जमिनीवर, उताणे पडून करतात. दम धरण्याचा वेळ तोच ठेवून मधली विश्रांती २ मिनिटे, पावणेदोन, दीड अशी उतरवत नेली की शरीराला कार्बन डायऑक्साइड सोसण्याची सवय होते. विश्रांती कायम ठेवून दम वाढवत नेला, तर कमी ऑक्सिजनवर निभावण्याचा सराव होतो. प्राणायामात श्वास रोखून धरण्याला कुंभक म्हणतात; त्याच्याशी याचे नाते उघड आहे. लोणावळ्याच्या कैवल्यधामने १९२४पासून प्राणायाम प्रयोगशाळेत तपासायला घेतला.

जीव कासावीस होतो तो मुख्यतः ऑक्सिजन संपल्याने नव्हे, तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्याने. पोट आतून उचकीसारखे हिसके देऊ लागते. सरावलेला माणूस ते हिसके ओळखतो आणि अंग सैल सोडतो. धडपडला की ऑक्सिजन भराभर खर्च होतो. गार पाणी चेहऱ्याला लागताच हृदयाचे ठोके मंदावतात, प्लीहा आकसून राखीव तांबड्या पेशी रक्तात सोडते. आग्नेय आशियातल्या बाजाऊ या समुद्रावर जगणाऱ्या जमातीची प्लीहा शेजारच्या शेतकरी जमातीपेक्षा सुमारे ५० टक्के मोठी असल्याचे २०१८ साली आढळले.

सर्वांत घातक चूक म्हणजे बुडीआधी भराभर खोल श्वास घेणे. त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, फक्त कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि शरीराची धोक्याची घंटा उशिरा वाजते. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होऊन फुप्फुसातली हवा निम्म्या जागेत दाबली जाते, त्यामुळे तिथे ऑक्सिजन पुरेसा वाटतो. वर येताना दाब उतरतो, तसा रक्तात जाणारा ऑक्सिजनही झपाट्याने घटतो आणि शेवटच्या काही हातांत शुद्ध हरपते. आधी काहीच जाणवत नाही. म्हणून एकट्याने, निर्जन तलावात किंवा विहिरीतसुद्धा, हा सराव कधीही करू नये. पट्टीचे पोहणारेही असे गेले आहेत. सोबत्याने दोर हातात ठेवून वेळ मोजावा, आणि माणूस वर आल्यावरही त्याचे दोन-चार श्वास नीट होऊन तो बोलेपर्यंत त्याच्यावरची नजर काढू नये.