आमच्या घराण्यातला धोंडा

माझ्या पूर्ण नावाच्या मध्यभागी एक धोंडा आहे. म्हणजे वडिलांचे नाव धोंडो. शाळेत हजेरी घेताना मास्तर मधल्या नावाशी आले की मागच्या बाकावरून हमखास आवाज येई, "पायावर पडला रे!" इतर मुलांचे वडील वसंत, माधव, श्रीकृष्ण असे सुगंधी किंवा दैवी, आमच्याच वाट्याला दगड का, असे मी एकदा वडिलांना विचारले. ते वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले, "ठेवताना मला कुणी विचारलं नव्हतं. आजीला विचार."

आजीला विचारण्याची हिंमत नव्हती, म्हणून मी संशोधनाकडे वळलो. पुष्कळांचे असेच होत असावे.

पहिला सिद्धांत शेजारच्या भटजींचा. अधिक महिन्याला आपल्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात. सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी तो येतो, जावयांना धोंडे आणि अनारसे खाऊ घालतो आणि सासऱ्यांना कर्जात टाकून जातो. त्या महिन्यात जन्मला तो धोंडो, असे भटजी म्हणाले. पण वडील जन्मले पौषात, आणि पौष अधिक येणे जवळजवळ अशक्य. सिद्धांत निकालात निघाला.

दुसरा सिद्धांत माझा स्वतःचा. धोंडो म्हणजे धुंडिराज, प्रत्यक्ष गणपती! चित्रपट काढणारे दादासाहेब फाळके धुंडिराजच होते. कॉलेजात मी हे दडपून सांगत असे.

तिसरा सिद्धांत नव्हे, नुसता अभिमान. 1857 च्या धामधुमीतले नानासाहेब पेशवे म्हणजे धोंडोपंत. त्याआधी धोंडजी वाघाने इंग्रजांना असे पळवले की त्याला गाठायला आर्थर वेलस्लीला जातीने यावे लागले. 1800 च्या सप्टेंबरात धोंडजी लढाईत पडला. याच वेलस्लीने पुढे 1815 साली वॉटर्लूला नेपोलियनला हरवले. म्हणजे नेपोलियनआधी त्याने हात साफ केला तो एका धोंड्यावर! हे मी घरी सांगितले तेव्हा आजी तांदूळ निवडत होती.

"कसला वाघ नि कसले पेशवे," ती म्हणाली. "तुझ्या बापाच्या आधी माझी तीन गेली. तिघांची नावं काय देखणी ठेवली होती! मग सासूबाई म्हणाल्या, चांगल्या नावावर नजर जाते, या खेपेला धोंडा म्हणा. दगडाला कोण नेतंय?"

सूप खाली ठेवून ती आत गेली. माझे संशोधन तिथेच संपले.

मग मला सगळीकडे हेच दिसू लागले. दगडू हा धोंडूचाच सख्खा भाऊ. सुपात घालून केराजवळ ठेवलेला तो केरू, पदर पसरून मागून घेतलेला तो भिकू, मुलगी भासावी म्हणून नाक टोचून नथ घातलेला तो नथू. बंगाल्यांकडे तीनकौडी हे नाव असते: मूल तीन कवड्यांना दुसऱ्याला विकून टाकले, आता ते आमचे नाही, यमाने आमच्या दारात येऊ नये! आणि हा कावा गरिबाघरचाच होता असे नाही. जपानचा सर्वसत्ताधीश हिदेयोशी याने 1589 साली झालेल्या मुलाचे नाव ठेवले सुते, म्हणजे टाकलेला. तो दोन वर्षांतच गेला. 1593 साली दुसरा झाला, त्याचे नाव हिरोई, म्हणजे सापडलेला. सगळा देश मुठीत असलेला माणूसही यमापुढे आमच्या पणजीइतकाच हवालदिल होता. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात जन्मलेल्या दर 1000 मुलांपैकी 200 च्या आसपास पहिला वाढदिवस पाहत नसत. यमाशी दोन हात करायला औषध नव्हते. थाप मारणे तेवढे हातात होते.

थापेचा उपयोग होत असे की नाही, कोण सांगणार? पण नावात केर असलेले केरो लक्ष्मण छत्रे ग्रहांची गणिते मांडत बसले आणि टिळक-आगरकरांचे गुरू झाले. आणि आमचे सर्वांत ज्येष्ठ धोंडो, महर्षी कर्वे, 1858 साली जन्मले, 1958 साली भारतरत्न झाले आणि 1962 पर्यंत जगले. धोंड्याला रत्न म्हणायला सरकारला शंभर वर्षे लागली, एवढेच.

असा मी ओबडधोबड नावांच्या प्रेमात पडलो होतो, तोच एक बातमी वाचली. 2011 च्या ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात 285 मुलींची नावे एका समारंभात बदलली. सगळ्यांचे नाव नकुशी किंवा नकुसा, म्हणजे नको असलेली. त्या दिवशी त्यांना आपापल्या पसंतीची नवी नावे मिळाली, दाखलेही मिळाले.

मी आधी म्हटले, हीसुद्धा आपल्याच गोतातली. मग लक्षात आले की नाही. धोंडो हे नाव खोटे होते. आईने काळजावर दगड ठेवून यमाला मारलेली ती थाप होती. घरात तो जीव की प्राण होता. नकुशी हे नाव खरे होते. त्यात फसवायचे कुणालाच नव्हते, आणि ते रोज हाक मारून त्या पोरीलाच ऐकवायचे. अर्थ दोन्ही नावांचा टाकाऊच. पण एक लपवलेली माया, दुसरा उघड नकार.

वडील निवृत्त झाले तेव्हा मी सुचवले होते, आता गॅझेटात देऊन नाव बदलून घ्या. आजी नव्वदीच्या घरात होती, तिला ऐकू कमी येई, पण हे बरोबर ऐकू आले. तिने मला जवळ बोलावले आणि दाराकडे पाहत हळूच म्हणाली, "इतक्यात नको रे. त्याला कळेल."