आपल्या हॉलमधला गोठा

दर डिसेंबरात आपल्या हॉलच्या कोपऱ्यात नाताळचा गोठा उभा राहतो, आणि आता त्याचे कुणाला नवल वाटत नाही. स्मरणिकेसाठी काही लिहा, असा आग्रह झाला तेव्हा वाटले, त्याचीच हकिकत लिहावी. कारण पहिल्या वर्षी 'हॉलमध्ये गोठा नको' म्हणणाऱ्यांत मी पुढे होतो. खजिनदारही मीच होतो.

माझे म्हणणे असे, की गोठा चर्चमध्ये करावा नाहीतर घरी. हॉल सर्वांचा. (गणपतीही त्याच हॉलमध्ये बसतो, हे त्या वेळी मला सुचले नाही!) तेव्हा आपल्याच सोसायटीतल्या एक ख्रिस्ती शिक्षिका शांतपणे म्हणाल्या, "साहेब, पहिला गोठा चर्चमध्ये नव्हताच मुळी."

घरी येऊन पुस्तके चाळली. बाई बरोबर होत्या. 1223 साली इटलीतल्या ग्रेचो गावी, डोंगरकपारीत, असिसीचे संत फ्रान्सिस यांनी नाताळच्या रात्री गव्हाण मांडली, गवत अंथरले, खराखुरा बैल आणि गाढव आणून उभे केले. बेथलेहेमात बाळाचे किती हाल झाले ते डोळ्यांनी बघावे, एवढाच हेतू. गावकरी मशाली घेऊन जमले. मूर्तींची हौस नंतरची. 18 व्या शतकात नेपल्सच्या कारागिरांनी तर गोठ्याभोवती भाजीवाले, कोळी, पाववाले असा अख्खा बाजार मांडला. म्हणजे ज्याने त्याने आपलेच गाव त्यात बसवले! अगदी अलीकडे, 1 डिसेंबर 2019 रोजी, पोप फ्रान्सिस यांनी त्याच ग्रेचोत एका पत्रावर सही केली. शाळा, इस्पितळे, तुरुंग, गावचे चौक इथेही गोठा मांडत जा, असे त्यात सांगितले आहे.

वसईत राहून मला यातले काही ठाऊक नसावे, याची लाज वाटली. 1534 ते 1739 वसई पोर्तुगीजांकडे होती. 'नाताळ' हा शब्दही त्यांचाच.

गोठ्यावरचा तारा मात्र जर्मनीचा म्हणावा लागेल. 1830 च्या दशकात नीस्की गावातल्या मोरेव्हियन पंथाच्या शाळेत मुलांना भूमिती शिकवताना कागदाचा अनेक टोकांचा तारा करवून घेत, तिथून तो पसरला. आपल्याकडे बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद आणि खळ. दिवाळीचा कंदील करणारी पोरेच महिन्याभराने तारा करायला बसतात. गोठ्यातल्या शेतासाठी बायका ताटलीत नाचणी रुजत घालतात. आमच्या सौ.ने ती पाहिली आणि म्हणाल्या, "हे तर आपले घटच की!"

गव्हाण 24 तारखेच्या रात्रीपर्यंत रिकामी असते, बाळ मध्यरात्री येते. तीन राजांचा सण 6 जानेवारीला. तोवर हॉलचा कोपरा अडतो, अशी तक्रार एकदा कमिटीत आली होती. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाआधी तो मोकळा होतो, हे महिलांनीच दाखवून दिले.

परवा जुनी खर्चवही काढली. पहिल्या वर्षी 'गोठा' या नावापुढे माझ्याच अक्षरात शून्य आहे. दुसऱ्या वर्षी त्याच अक्षरात लिहिले आहे: गवत, कामट्या, सुतळी व एक बल्ब.