शिसवीतली चंद्रकोर

माझे वडील सुतार होते, त्यामुळे कुठेही गेलो की दाराकडे आधी लक्ष जातं. म्हैसूरच्या राजवाड्यात अंबाविलास दालनाच्या दारापाशी मी असाच थबकलो. शिसवीत हस्तिदंताची नक्षी इतकी बेमालूम बसवलेली, की सांधा सापडेना. जुना लाकडी वाडा १८९७ मध्ये लग्नसमारंभात जळाला आणि हा नवा १९१२ मध्ये पुरा झाला. पुढे हस्तिदंतावर बंदी आली. म्हैसूरला आजही शिसवीवर अशी जडावाची चित्रं करतात, पण त्यातले सफेद तुकडे आता प्लास्टिकचे असतात, रंगीत वेगवेगळ्या लाकडांचे. पिवळा हवा तर फणस. हे लाकडांचे रंग मला हस्तिदंतापेक्षा जास्त आवडले, उगाच कशाला खोटं बोलू!

पद्धत जुनीच आहे. चित्राचा कागद पातळ फळीवर चिकटवायचा, बारीक पात्याच्या करवतीने तुकडे कापायचे. मग ते शिसवीवर ठेवून कडेने टोकदार रेघ मारायची आणि तेवढीच जागा पटाशीने कोरायची. खरी परीक्षा इथे. खड्डा सैल झाला तर फट दिसते, घट्ट झाला तर तुकडा फुटतो. चंद्रकोरीचं टोक बसवताना कारागीर श्वास रोखून धरतो, हे मी स्वतः पाहिलंय. नंतर सगळं घासून एका पातळीत आणायचं आणि पॉलिश.

अशी चित्रं विकणारं हस्तकलेचं सरकारी दुकान म्हैसूरच्या सय्याजीराव रस्त्यावर आहे. हे सय्याजीराव म्हणजे आपले बडोद्याचे सयाजीराव गायकवाड. त्या दुकानात गेलात तर चित्रावरून डोळे मिटून बोट फिरवा. सांधा बोटाला लागला, तर घेऊ नका.